फ्रान्समधील पांढऱ्या वाटा

साठी उलटलेल्या मनुष्यानें सायकलीविषयीं लिहावें, आणि तेंही फ्रान्स देशांतील सायकलींच्या वाटांविषयीं, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु सायकलीशीं आमचा ऋणानुबंध जुना आहे. सांगली जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं आम्हीं एकतीस वर्षें संस्कृत शिकविलें, आणि घरापासून शाळेपर्यंतचें सात किलोमीटरांचें अंतर त्या सर्व काळांत सायकलीवरूनच काटलें. शब्दरूपावली पाठ न केलेलीं मुलें आम्हांस दुरून पाहतांच उसांत शिरत, हेंही या निमित्तानें आठवतें. सन २०१६ च्या पावसाळ्यांत मात्र एका मालमोटारीनें मागून येऊन आम्हांस रस्त्याकडेच्या चरांत लोटलें. डावें मनगट मोडलें. मालमोटार थांबली नाहीं. सायकल माळ्यावर गेली, आणि ती पुन्हा उतरवूं नये म्हणून सौभाग्यवतींनीं शपथ घातली. खरें सांगावयाचें तर शपथेची आवश्यकता नव्हती. मागून भोंगा वाजला कीं पायीं चालतांनासुद्धां आमच्या काळजाचा ठोका चुकत असे.

आमचा पुतण्या लियों शहरीं नोकरीस आहे. सन २०२४ च्या मे महिन्यांत त्यानें आम्हां उभयतांस तेथें बोलावून घेतलें. आठ दिवस झाले नाहींत तोंच तो म्हणाला, "काका, दोन दिवस सायकलीवरून खेड्यापाड्यांत हिंडून येऊं." आम्हीं स्वच्छ नकार दिला. तेव्हां तो आमचा नाद सोडून काकूंकडे वळला. नकाशा पसरून त्यानें त्यांस एक हिरवी रेघ दाखविली व सांगितलें, "काकू, या वाटेवर मोटार आणण्यास कायद्यानें बंदी आहे." सौभाग्यवतींनीं ती रेघ बोटानें शेवटपर्यंत गिरवून पाहिली आणि निर्णय दिला कीं, मोटार नसेल तर शपथही नाहीं. आतां नकार देण्यास आमच्यापाशीं भीतीखेरीज दुसरें कारण उरलें नाहीं, आणि भीति हें कारण पुतण्यास सांगण्यासारखें नव्हतें.

लियोंहून उत्तरेस सोन नदीच्या बाजूनें जाणाऱ्या साध्या आगगाडींत सायकली बरोबर नेण्याची सोय असते. शालों येथें उतरून आम्ही जिव्री नांवाच्या द्राक्षमळ्यांच्या गांवीं पोंचलों. येथून क्ल्युनीपर्यंत ४४ किलोमीटर लांबीची जी वाट जाते ती सन १९९७ मध्यें खुली झाली; फ्रान्समध्यें या जातीची ती पहिली. अशा वाटेस तिकडे 'व्वा व्हेर्त', म्हणजे हिरवी वाट, म्हणतात. सन २००४ पासून वाहतुकीच्या कायद्यांतच तिला स्वतंत्र स्थान मिळालें आहे. मूळ ही वाट नव्हे, लोहमार्ग होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लहानसहान गांवेंही आगगाडीनें जोडण्याचा सपाटा फ्रेंच सरकारनें लावला. पुढें मोटारी आल्या, उतारू घटले, आणि हजारों किलोमीटरांचे लोहमार्ग ओस पडले. येथें रूळ उपटून त्या जागीं डांबर घातलें आहे. वाफेच्या इंजिनास चढ सोसत नसे, म्हणून जुन्या इंजिनियरांनीं टेकड्या कापून व खळगे भरून मार्ग जवळजवळ सपाट ठेविला होता. इंजिनाची ती दुर्बलता आज आमच्या गुडघ्यांच्या कामीं आली.

पहिला तासभर आम्ही सारखे मागें वळून पाहत होतों. एकदां मागून घंटीची किणकिण झाली तेव्हां आम्ही गडबडीनें ब्रेक दाबून अगदीं गवतांत उतरलों. पाहतों तों सहा-सात वर्षांची एक मुलगी तांबडें शिरस्त्राण घालून आली, 'बोंजूर' म्हणून पुढेंही निघून गेली! पुतण्यानें दुसरीकडे तोंड वळविलें. तो हसत होता हें त्याच्या पाठीवरून कळत होतें. त्यानंतर मात्र मान हळूहळू सैल झाली. किती वर्षांनीं आम्हांस स्वतःच्या सायकलीच्या साखळीचा आवाज ऐकूं आला!

वाटेंतील स्थळांचें सविस्तर वर्णन प्रवासाच्या पुस्तकांत सांपडतें, म्हणून येथें धांवता उल्लेख पुरे. सँ-जांगू नांवाचें एक जुनें गांव लागतें. राजाच्या अमदानींत त्याच्या नांवापुढें 'शाही' अशी उपाधि होती. राजे गेल्यावर तिच्या जागीं 'राष्ट्रीय' असें विशेषण आलें. गांव तेंच, गल्ल्या त्याच! कोर्मातँ येथें सतराव्या शतकाच्या प्रारंभींचा पाण्यानें वेढलेला वाडा आहे. तेझे या टेंकडीवरील गांवीं सन १९४० मध्यें स्थापन झालेला मठ असून तेथें देशोदेशींचे तरुण प्रार्थनेस जमतात. आणि शेवटीं क्ल्युनी. तेथील मठ सन ९१० मधला. सन १०८८ मध्यें आरंभलेलें त्याचें तिसरें चर्च १८७ मीटर लांब होतें, आणि रोमचें सेंट पीटरचें नवें चर्च होईपर्यंत ख्रिस्ती जगांत त्याच्याएवढें दुसरें नव्हतें. राज्यक्रांतीनंतर लोकांनीं तें दगडांसाठीं विकलें. आज एक भाग उभा आहे. त्याच्या उंचीवरून उरलेल्याची कल्पना करावयाची.

क्ल्युनीच्या दक्षिणेस हीच वाट माकोंकडे जातांना १६०० मीटर लांबीच्या एका बोगद्यांतून जाते. आंत दिवे आहेत, पण मे महिन्यांतही दांत वाजावेत असा गारठा होता. हा बोगदा हिवाळ्यांत बंद ठेवतात; कारण त्या दिवसांत तेथें वटवाघुळें निद्रिस्त असतात. वटवाघुळांची झोंपमोड होऊं नये म्हणून रस्ता बंद करणारें सरकार आम्हीं प्रथमच पाहिलें. हिवाळ्यांत जाणारांनीं टेंकडीवरून वळसा घालावा.

असो. हिरवी वाट उत्तम खरी. पण तिजवर मोटारीस कायद्यानें मज्जाव आहे म्हणून ती निवांत आहे. याहून निराळी अशी दुसरी जात आहे, जेथें मोटारीस मज्जाव मुळींच नाहीं, पण मोटार येतच नाहीं. आमचें मन बसलें तें या दुसरीवर. मिशेलिन कंपनीचे पिवळ्या वेष्टनाचे रस्त्यांचे नकाशे प्रसिद्ध आहेत; त्यांत एक सेंटिमीटर म्हणजे दोन किलोमीटर. मोठे रस्ते तांबडे, मधले पिवळे, आणि अगदीं लहान ते पांढरे. रस्त्याकडेस हिरवी कड असेल तर देखावा रम्य आहे असें समजावें. रस्त्यावर बाणाचीं टोकें असतील तर ज्या दिशेस टोंक त्या दिशेस चढ, आणि जितकीं टोकें अधिक तितका चढ तीव्र. तांबडा टाळावा, पिवळ्यावर सकाळच्या प्रहरीं जावें, आणि पांढरा सांपडला कीं सोडूं नये, हें आमच्या पुतण्याचें सूत्र. पाणिनीहूनही थोडक्यांत सांगितलेलें असल्यामुळें आम्हांस तें तत्काळ पटलें.

हे पांढरे रस्ते इतके आहेत तरी कशानें? फ्रान्सचा यूरोपांतील प्रदेश महाराष्ट्राच्या सुमारें पावणेदोन पट. पण तेथें ग्रामपंचायतींच्या मालकीचे रस्तेच सुमारें सात लाख किलोमीटर भरतात, आणि जिल्ह्यांच्या मालकीचे आणखी पावणेचार लाखांवर. राष्ट्रीय रस्ते व भरधांव मोटारमार्ग मिळून या मानानें अगदींच थोडे. वाहतुकीचा मोठा लोंढा मात्र त्यांवरूनच जातो. या जाळ्याचें मूळ सन १८३६ च्या एका कायद्यांत आहे. आपल्या शिवारांतील वाटांची निगा राखणें प्रत्येक गांवावर त्या कायद्यानें बंधनकारक झालें. पैसा नसेल तर गांवकऱ्यांनीं वर्षास तीन दिवसांपर्यंत अंगमेहनत द्यावी, बैल-घोडे-गाड्या असतील तर त्याही आणाव्या, अथवा मोबदला रोख भरावा. शेतकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनीं फोडलेल्या खडीवर आज आमचें चाक फिरत होतें.

रस्ते आहेत तसेच राहिले. माणसें राहिलीं नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्या देशांत दहा कमावत्या माणसांपैकीं चार शेतीवर होतीं. आज शंभरांत दोनही शेतकरी नाहींत. क्ल्युनी ज्या सोन-ए-ल्वार जिल्ह्यांत आहे त्याचें क्षेत्रफळ सुमारें साडेआठ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सांगली जिल्ह्याएवढेंच. सन २०११ च्या खानेसुमारींत सांगलीची वस्ती २८ लाखांवर होती. त्या जिल्ह्याची साडेपांच लाखांच्या आसपास आहे. हा आंकडा ऐकल्यावर तेथील शांततेचें कारण आम्हांस निराळें समजावून घ्यावें लागलें नाहीं.

दुसऱ्या दिवशीं आम्ही कोर्मातँपर्यंत मागें येऊन पूर्वेस वळलों. दोन्हीं बाजूंस कुंपणाच्या झुडपांच्या रांगा, त्यांमागें शारोले जातीच्या पांढऱ्या धिप्पाड गाई. त्या रवंथ थांबवून आमच्याकडे पाहत. दूर कोठेंतरी कुक्कू पक्षी बोलत होता. आमच्या पावश्याचा हा चुलतभाऊ, पण स्वतःच्या नांवाखेरीज दुसरें कांहीं बोलत नाहीं. शापेझ येथें अकराव्या शतकाच्या प्रारंभींचें एक दगडी चर्च आहे; सभोंवार दहा-वीस घरें, आणि अशी निःशब्दता कीं आम्हीं नकळत सायकलीवरून उतरून चपला काढण्याच्या बेतांत होतों. तेथून ब्रांसियोंचा चढ लागला. आम्ही उतरून सायकल ढकलूं लागलों तों पुतण्या म्हणाला, "काका, गिअर बदला ना! त्यासाठींच तर वेलोसियोनें जन्म वेंचला."

या वेलोसियोची हकीगत वाचकांस सांगितली पाहिजे. खरें नांव पॉल द विवी, जन्म सन १८५३. सँतेत्येन शहरीं रेशमाचा व्यापार करणारा हा गृहस्थ चाळिशीच्या आंतच व्यापार सोडून सायकलींच्या पाठीस लागला. सन १८८७ मध्यें त्यानें सायकलीवरील एक मासिक काढलें आणि तें अखेरपर्यंत चालविलें. लॅटिन ग्रंथांचा व्यासंगी, एस्पेरांतो भाषेचा पुरस्कर्ता, आणि त्या देशांत राहून शाकाहारी! शर्यतीचा त्याला तिटकारा. सायकल ही देश पाहण्यासाठीं आहे, चढ आला कीं दांत्यांचें चक्र बदलावें व दम राखावा, असें तो सांगे. भूक व तहान लागण्याची वाट न पाहतां आधींच थोडथोडें खावें-प्यावें असा त्याचा आग्रह असे. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल-शर्यतीच्या चालकांस मात्र गिअर बदलणें हें नामर्दपणाचें वाटे. सन १९३७ पर्यंत त्यांनीं तें शर्यतींत येऊं दिलें नाहीं. वेलोसियो तें पाहण्यास उरला नाहीं. सन १९३० मध्यें आपल्याच शहरांत, सायकल हातांत धरून रस्ता ओलांडतांना, ट्रामची धडक बसून तो गेला. ही गोष्ट पुतण्यानें चढावर सांगितली, आणि आमचा हात आपोआप डाव्या मनगटाकडे गेला. मग आम्हीं गिअर बदलला. चढ बसूनच संपविला.

दुपारीं पाणी संपलें. खेड्यांतील दुकानें बारा ते दोन बंद असतात, सोमवारीं तर पुष्कळदां दिवसभर. आणि कित्येक गांवीं दुकानच उरलेलें नाहीं. पुतण्या शांतपणें म्हणाला, "दफनभूमींत नळ असतो." फुलझाडांस घालण्यासाठीं तेथें नळ ठेवलेला असतो आणि तिकडचे सायकलवाले बिनदिक्कत त्यावर बाटल्या भरतात. 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी असेल तर मात्र शिवूं नये. पाटी नव्हती. तरी आम्ही फाटकाशीं पांच मिनिटें उभे होतों. बालपणापासून अंगीं मुरलेल्या शुचिर्भूततेच्या कल्पना एका तहानेसरशीं जात नाहींत. शेवटीं आपद्धर्म म्हणून प्यालों. पाणी थंड व गोड होतें. सौभाग्यवतींस ही गोष्ट प्रस्तुत लेखावरूनच प्रथम कळेल.

अन्नाविषयीं शाकाहारी वाचकांस एवढेंच सांगतों कीं, तिकडचें चीज बहुधा वासराच्या जठरांतील विरजणानें तयार करतात. ज्यांस तें वर्ज्य असेल त्यांनीं विचारून घ्यावें. आमच्या पिशवींत दशम्या, चटणी आणि चिवडा होता, म्हणून आमचें अडलें नाहीं.

पाणी पिऊन निघालों त्याच गांवीं चौकांत एक दुमजली दगडी इमारत दिसली. मध्यें ग्रामपंचायतीची कचेरी. डाव्या दारावर 'मुलगे' व उजव्या दारावर 'मुली' अशीं अक्षरें दगडांत कोरलेलीं. फ्रान्समध्यें सन १८८१ मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत आणि १८८२ मध्यें सक्तीचें झालें, तेव्हां अशा इमारती गांवोगांव उठल्या. दोन्हीं दारांस कुलपें होतीं. समोर महायुद्धांतील मृतांचा स्तंभ. १९१४ ते १९१८ या चार वर्षांत फ्रान्सचे सुमारें १४ लाख सैनिक पडले. असा स्तंभ नाहीं असें गांव विरळा. या चिमुकल्या गांवाच्या स्तंभावर आम्हीं बावीस नांवें मोजलीं, त्यांत एकाच आडनांवाचे तिघे. मास्तर असल्यामुळें आम्हीं प्रथम मोजली ती हजेरीच.

शेजारच्या घरांतून एक वृद्ध बाई बाहेर आल्या. पुतण्यानें दुभाष्याचें काम केलें. त्या याच शाळेंत शिकल्या होत्या. त्यांच्या वेळीं चौतीस मुलें होतीं. शेवटीं सात उरलीं, तेव्हां शाळा बंद झाली. आतां धाकटीं मुलें एका गांवीं व थोरलीं दुसऱ्या गांवीं अशी वांटणी असून मोटारबस त्यांस नेते-आणते. (त्या दिवशीं त्या रस्त्यांवर आम्हांस भेटलेलें सर्वांत मोठें वाहन ती बसच होती.) खिडकीच्या कांचेस नाक लावून आम्हीं आंत पाहिलें. फळा जागच्या जागीं होता. त्याखालीं खडू ठेवण्याची फळीही. वर्गांत आतां घडीच्या खुर्च्या रचलेल्या होत्या. बाईंनीं आम्हांस व्यवसाय विचारला. शिक्षक, असें पुतण्यानें सांगतांच त्यांनीं पुन्हा एकदां, या खेपेस अधिक आदरानें, नमस्कार केला आणि विचारलें, "तुमची शाळा चालूं आहे ना?" आमच्या शाळेचा पट सहाशेंच्या वर आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यांस फार बरें वाटलें. आमच्या कोंकणांतील आजोळच्या वाडींत मात्र अकरा मुलें राहिलीं आहेत आणि वीसाहून कमी पटाच्या शाळांचें काय करावें हा वाद आमच्याकडेही चालूं आहे, हें त्यांस सांगावें असें मनांत आलें होतें. पण दुभाष्यामार्फत सांगण्याची ती गोष्ट नव्हती.

त्यांनीं हातानें समोरची पांढरी वाट दाखविली. पलीकडच्या वाडीवरून मुलें या वाटेनें शाळेस येत, थंडींत लांकडी खडावांचा आवाज दुरून ऐकूं येई, असें त्या म्हणाल्या. तीच आमची वाट. वाडीपर्यंत अडीच किलोमीटर आम्हीं कोणी कांहीं बोललों नाहीं. वाडींतील पांच घरांपैकीं तीन घरांचे झडपे बंद होते. सुटीपुरते शहरांतून येणारांचीं तीं घरें. एका दारासमोर तेवढे कपडे वाळत होते.

अशा निर्मनुष्य वाटांवर धोका नाहींच असें मात्र समजूं नये. आम्हांस झालेला धोका तर शांततेमुळेंच झाला. फ्रान्समध्यें वाहनें उजवीकडून चालतात. गर्दींत मनुष्य इतरांस पाहून शिकतो. मोकळ्या रस्त्यावर पाहावयाचें कोणास? ती वाडी मागें टाकून एका वळणावर आम्ही जन्मजात संवयीनें डाव्या बाजूस गेलों आणि समोरून ट्रॅक्टर आला. आम्ही जागच्या जागीं थिजलों. शेतकऱ्यानें ट्रॅक्टर थांबविला, इंजिन बंद केलें, हातानें आम्हांस उजवी बाजू दाखविली, आम्ही तिकडे जाईपर्यंत थांबला, मग टोपीस हात लावून गेला. भोंगा वाजविला नाहीं. दुसरा नियम असा कीं, लहान चौफुलीवर पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्यास प्रथम जाऊं द्यावयाचें, तो कितीही लहान रस्त्यानें येवो. आणि मागून येणाऱ्या मोटारीनें सायकलस्वारास ओलांडतांना गांवाबाहेर दीड मीटर व गांवांत एक मीटर अंतर ठेवलेंच पाहिजे असा तेथें कायदा आहे. त्या दोन दिवसांत पांढऱ्या रस्त्यांवर आम्हांस एकंदर नऊ मोटारी भेटल्या, आणि त्या सर्वांनीं तें अंतर राखलें.

ज्यांस चढ नकोत त्यांनीं कालव्यांचे कांठ धरावे. बुर्गोन्यचा कालवा २४२ किलोमीटर लांब व त्यास १८९ दरवाजे. नांत शहरापासून ब्रेस्तकडे जाणारा कालवा ३६४ किलोमीटरांचा. पूर्वीं घोडे ज्या कांठावरून होड्या ओढीत, तेथेंच आतां सायकली जातात. दक्षिणेचा मिदी कालवा सन १६६६ ते १६८१ या काळांत रिके नांवाच्या गृहस्थानें खोदविला. तो २४० किलोमीटरांचा आहे. त्याच्या कांठची वाट तुलूझपासून पन्नासेक किलोमीटर गुळगुळीत आहे, पुढें मुळ्या व खड्डे. ल्वार नदीकांठची सुमारें ९०० किलोमीटरांची वाट सर्वांत नांवाजलेली. पण उन्हाळ्यांत तेथें सायकलींचीच दाटी होते. मे, जून व सप्टेंबर हे महिने चांगले. पानगळींत शिकारीचा मोसम असतो. त्या दिवसांत, विशेषतः रविवारीं, रानाच्या वाटेस भडक रंगाचें वस्त्र अंगावर असावें. गुडघे दुखत असतील तर विजेचें साहाय्य असलेली सायकल पुष्कळ ठिकाणीं भाड्यानें मिळते. संकोच करूं नये.

संध्याकाळीं क्ल्युनीस परतलों तेव्हां मोजणीच्या यंत्रानें ५८ किलोमीटर दाखविले. सौभाग्यवतींचा दूरध्वनि आला. "मोटार दिसली का?" हा पहिला प्रश्न. आम्हीं नऊ असें खरें सांगितलें. पलीकडे कांहीं वेळ शांतता होती. मग त्यांनीं विचारलें, "दशम्या पुरल्या ना?"

घरीं आल्यावर आषाढांत सायकल माळ्यावरून खालीं काढली. दोन्हीं टायर चिरले होते. ते बदलून घेतले, साखळीस तेल दिलें. पहांटे साडेपांचास मोठा रस्ता टाळून पाटबंधाऱ्याच्या कालव्याच्या कच्च्या वाटेनें आम्ही तीन किलोमीटर जातों व परत येतों. परतेपर्यंत सौभाग्यवती फाटकाशीं उभ्या असतात.